गोळी डोक्याची, गारठा पायाला

अर्धशिशीची गोळी घेणाऱ्या रुग्णाला बाह्यरुग्ण विभागात मी पायमोजे काढायला सांगतो, तेव्हा तो हमखास गोंधळतो. सोबतचे नातेवाईकही एकमेकांकडे बघतात. दुखणं डोक्याचं आणि डॉक्टर पाऊल चाचपतायत! शंका रास्त आहे. पण काही औषधं अशी आहेत की त्यांचा हिशेब डोक्यावर नव्हे, पायाच्या बोटांवर लागतो. रक्तवाहिन्या आकुंचित करणारी औषधं हा तो वर्ग. नाव जड वाटतं, पण यातली निदान दोन-तीन औषधं आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात असतात: चोंदलेल्या नाकात घालायचे थेंब, सर्दीची गोळी, अर्धशिशीची गोळी. आणि ज्याला आपण औषध समजत नाही तो चहासुद्धा.

धमनी म्हणजे निर्जीव नळी नव्हे. तिच्या भिंतीत स्नायूंचा थर असतो आणि तो आवळला की आतली वाट अरुंद होते. या स्नायूंच्या पेशींवर रिसेप्टर असतात. त्यांना कुलपं म्हणा हवं तर. ॲड्रेनालिन, नॉरॲड्रेनालिन, सिरोटोनिन ही शरीरातली रसायनं किंवा त्यांच्यासारखी दिसणारी औषधं त्या कुलपात बसली की स्नायू आवळतो. थोडंसं आवळणंही पुष्कळ असतं, कारण नळीतून वाहणारा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. सोप्या भाषेत सांगायचं तर त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. शरीरातल्या खऱ्या धमन्या गणिताइतक्या शिस्तीत वागत नाहीत, पण कल मात्र हाच.

आता मुख्य मुद्दा. शरीरातल्या सगळ्या धमन्यांवर एकसारखी कुलपं नसतात. त्वचेतल्या, विशेषतः हातापायांच्या बोटांमधल्या धमन्यांवर ॲड्रेनालिनच्या जातीची कुलपं भरपूर असतात. कारणही सरळ आहे. थंडीत शरीराची ऊब राखायची तर कातडीकडे जाणारं रक्त आधी कमी करावं लागतं. डिसेंबरच्या पहाटे महाबळेश्वरला बोटं पांढरी पडतात ती याचमुळे. मेंदूचं तसं नाही. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला हा अवयव हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पंधरा टक्के वाटा घेतो आणि त्यात खंड पडलेला त्याला काही मिनिटंही चालत नाही. म्हणून मेंदूच्या धमन्या स्वतःचा कारभार स्वतः बघतात. रक्तदाब उतरला तर त्या सैलावतात, चढला तर आवळतात आणि बऱ्याच मोठ्या टप्प्यात प्रवाह जवळपास सारखा ठेवतात. शिवाय रक्तातली बरीचशी औषधं मेंदूच्या ऊतीत शिरू न देणारा एक पडदाही तिथे असतो.

अतिदक्षता विभागात हा फरक उघड्या डोळ्यांनी दिसतो. जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला आम्ही नॉरॲड्रेनालिन सुरू करतो. दाब वर येतो, लघवी होऊ लागते, रुग्ण हाकेला ओ देतो. पण मात्रा फार वाढवावी लागली, तर बोटांची टोकं निळी आणि कधी कधी काळी पडतात. नातेवाईक घाबरून विचारतात, ‘डॉक्टर, हात का काळे पडले?’ उत्तर असं की, शरीराला मेंदू आणि हृदय वाचवायचं असतं, औषध त्याच धोरणाला जोर देतं आणि किंमत बोटं मोजतात. हा सौदा जाणूनबुजून केलेला असतो. अर्धशिशीसाठी कुणी असा सौदा करणार नाही. पण नकळत तो होतो, म्हणून हा लेख.

ही गोष्ट औषधाच्या दुकानात नव्हे, शेतात सुरू होते. राय नावाच्या धान्याच्या कणसावर एक बुरशी येते आणि दाण्याच्या जागी काळपट, शिंगासारख्या गाठी धरतात. तिला अरगट म्हणतात. मध्ययुगीन युरोपात ओल्या हंगामानंतर अशा धान्याच्या पिठाची भाकरी खाऊन गावंच्या गावं आजारी पडत. हातापायांत आग व्हायची, मग बधिरपणा, मग अवयव कोळशासारखे काळे होऊन गळून पडायचे. कित्येकदा रक्तस्रावाशिवाय, कारण तिथे रक्त उरलेलंच नसायचं. लोक याला ‘संत अँथनीची आग’ म्हणत. अकराव्या शतकाच्या शेवटी या संताच्या नावाने धर्मसेवकांचा एक संघ उभा राहिला आणि त्याच्या रुग्णालयांत या रुग्णांची शुश्रूषा होई. फ्रान्समधल्या कोलमार इथल्या संग्रहालयात ग्रुनेवाल्ड या चित्रकाराने १५१२ ते १५१६ या काळात अशाच एका रुग्णालयासाठी रंगवलेलं वेदीचित्र आहे. आग म्हणजे शब्दशः आग नव्हे, धमन्या आवळल्याची वेदना, हे कळायला पुढे काही शतकं लागली.

आपल्याकडे राय पिकत नाही, पण बाजरी पिकते आणि बाजरीवरही अरगट येतो. आधी कणसातून मधासारखा चिकट द्रव पाझरतो आणि मग गाठी होतात. १९५०च्या दशकात तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाऊन लोक आजारी पडल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. १९७५ साली राजस्थानातही असंच घडलं. मात्र बाजरीच्या अरगटातली रसायनं रायच्या अरगटापेक्षा वेगळी. त्यामुळे इथल्या रुग्णांना मळमळ, उलट्या, चक्कर, गुंगी हा त्रास झाला, हातपाय झडले नाहीत. पेरणीआधी बियाणं दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बुडवायचं, तरंगणारा भाग काढून टाकायचा आणि खाली बसलेलं बी स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवायचं, हा उपाय आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. त्या मिठाच्या पाण्यामागे एवढा इतिहास आहे, हे त्यांना कुणी सांगत नसावं. इथिओपियात मात्र १९७७-७८ मध्ये रानटी ओटमिसळ धान्यातून आलेल्या अरगटाने लोकांचे पाय गेले. म्हणजे हा प्रकार मध्ययुगातच संपला असं नाही.

१९१८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे सँडोझ कंपनीत काम करणाऱ्या आर्थर स्टोल या रसायनशास्त्रज्ञाने या बुरशीतून शुद्ध अर्गोटामिन वेगळं केलं. काही वर्षांतच ते अर्धशिशीवर दिलं जाऊ लागलं आणि गुण येऊ लागला. का येतो, हे शोधलं अमेरिकेतल्या जॉन ग्रॅहम आणि हॅरल्ड वुल्फ या दोघांनी. कपाळाच्या कडेला, कानाच्या पुढे बोट ठेवलं तर जी धमनी उडताना लागते तिच्या ठोक्यांची त्यांनी दुखणं चालू असताना नोंद घेतली आणि मग शिरेतून अर्गोटामिन दिलं. ठोक्यांची उंची कमी होत गेली आणि तिच्याबरोबर डोकेदुखीही उतरत गेली. १९३८ साली हे काम प्रसिद्ध झालं. निष्कर्ष मोहात पाडणारा होता: धमनी फुगते म्हणून डोकं दुखतं, आवळली की थांबतं. अर्धशिशीच्या रुग्णालाही डोक्यात ‘ठणठण’ जाणवते, ती नाडीच्या तालावर. त्यामुळे हे स्पष्टीकरण सगळ्यांनाच पटलं आणि पुढची पन्नासेक वर्षं टिकलं.

अर्गोटामिनची अडचण अशी की ते एकच कुलूप उघडत नाही. सिरोटोनिनची दोन-तीन प्रकारची, ॲड्रेनालिनची, डोपामिनचीही कुलपं ते उघडतं. म्हणून डोक्याच्या धमनीबरोबर पायाच्या, हाताच्या, हृदयाच्याही धमन्या आवळतात, आणि वर मळमळ. शिवाय ते कुलपात बसलं की लवकर सुटत नाही. रक्तातली त्याची पातळी काही तासांत उतरते, पण हातापायांच्या धमन्या चोवीस तास किंवा त्याहून जास्त वेळ आवळलेल्या राहतात. रोज एक गोळी घेणाऱ्याचं शरीर त्यामुळे कधी पूर्ण सैलावतच नाही.

मग नेमकं डोक्याचं कुलूप शोधायचं काम सुरू झालं. ब्रिटनमधल्या ग्लॅक्सो कंपनीत पॅट्रिक हम्फ्री यांच्या गटाने सुमाट्रिप्टान तयार केलं आणि १९९१ पासून ते रुग्णांना मिळू लागलं. ते सिरोटोनिनच्या ‘एक-बी’ आणि ‘एक-डी’ या रिसेप्टरवर काम करतं. मेंदूच्या बाहेरच्या आवरणातल्या धमनीवर ‘एक-बी’ दाटीने असतात. हृदयाच्या धमन्यांवरही ते असतात, पण तिथे सिरोटोनिनचं बरंचसं काम ‘दोन-ए’ या वेगळ्या जातीतून होतं.

हे माणसाच्या धमन्यांवर तपासलं कसं, हे मला नेहमीच रंजक वाटत आलं आहे. मेंदूची शस्त्रक्रिया करताना कवटी उघडली की आवरणातली धमनी समोर येते आणि कधी कधी तिचा छोटा तुकडा काढावाच लागतो. रुग्णाच्या संमतीने तो संशोधनासाठी देतात. हृदयाच्या धमनीचे तुकडे अवयवदात्यांकडून मिळतात. त्याची एखाद-दोन मिलिमीटरची अंगठी कापतात, ३७ अंशांच्या क्षारयुक्त द्रावणात दोन बारीक हुकांमध्ये अडकवतात, प्राणवायूचे बुडबुडे सोडतात आणि औषधाचा थेंब टाकून ती किती ताणली जाते ते मोजतात. माणूस नाही, पण माणसाची धमनी काही तास जिवंत असते. अशा प्रयोगांत सुमाट्रिप्टानने मेंदूच्या आवरणातली धमनी जोरात आवळली आणि हृदयाची धमनी थोडीशीच. थोडीशी. शून्य नव्हे. म्हणून ज्यांना हृदयविकार आहे, पक्षाघात होऊन गेला आहे, पायाच्या धमन्या अरुंद आहेत किंवा रक्तदाब ताब्यात नाही, त्यांना ट्रिप्टान जातीची कुठलीच गोळी देत नाहीत. निरोगी हृदयाला ती थोडीशी आवळणी जाणवतही नाही. आधीच सत्तर टक्के बंद असलेल्या धमनीला मात्र तेवढीही परवडत नाही.

इतकं होऊनही मूळ कल्पनाच बरोबर होती का? इथे गोष्टीला वळण मिळतं. कोपनहेगनच्या संशोधकांनी सिल्डेनाफिल, होय, तेच प्रसिद्ध औषध, अर्धशिशीच्या रुग्णांना दिलं. बहुतेकांना झटका आला, पण मेंदूतली मुख्य धमनी रुंदावलेली दिसली नाही. उलट, धमन्या चांगल्याच फुगवणारं दुसरं एक रसायन दिलं तर झटका आला नाही. मग २०१३ साली त्यांनी ऐन झटक्यात असलेल्या रुग्णांचं एमआरआय यंत्रावर धमन्यांचं चित्रण केलं. कवटीबाहेरच्या धमन्या फुगलेल्या नव्हत्याच. आतल्या किंचितशा रुंदावल्या होत्या. सुमाट्रिप्टान दिल्यावर बाहेरच्या आणि आवरणातल्या धमन्या आवळल्या, मेंदूला रक्त पुरवणाऱ्या आतल्या धमन्या मात्र आवळल्या नाहीत. आणि दुखणं थांबलं.

वुल्फ यांनी जे पाहिलं ते खरंच होतं, त्याचा लावलेला अर्थ अपुरा होता. मेंदूच्या ऊतीला स्वतःला वेदना कळत नाही. ती कळते आवरणाला आणि त्यातल्या धमन्यांभोवतीच्या मज्जातंतूंना. झटक्यात हे तंतू सीजीआरपी नावाचं एक प्रथिन सोडतात, त्याने धमनीही सैलावते आणि वेदनेचा निरोपही पुढे जातो. ट्रिप्टान या तंतूंच्या टोकांवरही बसतं आणि सीजीआरपीचं सुटणं थांबवतं. म्हणजे धमनी आवळणं हे औषधाच्या कामातलं आवश्यक अंग होतं, की फक्त सोबत घडणारी गोष्ट, हा प्रश्न उभा राहिला. सीजीआरपी आणि मायग्रेनवरच्या कामासाठी मोस्कोविट्झ, एडविन्सन, गोड्सबी आणि ओलेसन या चौघांना २०२१ साली ब्रेन प्राइझ मिळालं. आता सीजीआरपी अडवणारी आणि धमनी न आवळणारी औषधं आली आहेत. लास्मिडिटान हे सिरोटोनिनच्याच पण ‘एक-एफ’ रिसेप्टरवर बसणारं औषधही धमनी आवळत नाही. अमेरिकेत त्याला २०१९ मध्ये मान्यता मिळाली. मात्र ते घेतल्यावर आठ तास गाडी चालवायची नाही, अशी अट आहे. फुकट काहीच मिळत नाही.

हे सगळं प्रयोगशाळेत आणि महागड्या दवाखान्यांत. सरकारी रुग्णालयात येणाऱ्या माणसाच्या खिशात आजही अर्गोटामिनचीच गोळी असते. स्वस्त असते. बऱ्याचदा त्यात कॅफिन, पॅरासिटामॉल आणि उलटीचं औषध एकत्र असतं. चिठ्ठी कधीतरी पाच वर्षांपूर्वी लिहिलेली, तीही दुसऱ्याच्या नावाची. मेडिकलवाला ओळखीचा असतो, तो रंग सांगितला तरी स्ट्रिप काढून देतो.

काही वर्षांपूर्वी चाळिशीतली एक बाई आमच्याकडे आली. दोन्ही पायांत चालताना गोळे येत, मग बसल्या जागीही दुखू लागलं. तळपाय बर्फासारखे, उजव्या पायाची दोन बोटं जांभळी. तंबाखूची मिश्री लावायची सवय होती, पण मधुमेह नाही, वय फार नाही. पावलावरची नाडी लागेना, घोट्यामागची लागेना, गुडघ्यामागची जेमतेम. दोन्ही पायांत एकाच वेळी, सारखंच. गुठळीने धमनी बंद झाली तर असं सहसा होत नाही. अँजिओग्राफीत धमन्या आतून गुळगुळीतच, पण खाली जाता जाता उंदराच्या शेपटीसारख्या निमुळत्या झालेल्या. औषधांची पिशवी उलटी केली तेव्हा उलगडा झाला. डोकेदुखीची गोळी ती आठवड्यातून चार-पाच दिवस घेत होती. दुसऱ्या एका डॉक्टरांनी अर्धशिशी टाळण्यासाठी प्रोप्रानोलोल दिलं होतं. ते चांगलं औषध आहे, मीही देतो, पण त्यानेही हातपाय गार पडतात आणि अर्गोटामिनबरोबर तर जास्तच. आणि आठवड्यापूर्वी घसा धरला म्हणून क्लॅरिथ्रोमायसिन सुरू झालं होतं.

हे शेवटचं महत्त्वाचं. तोंडावाटे घेतलेलं अर्गोटामिन शंभर भाग असेल, तर त्यातले पाचही भाग रक्तात पोहोचत नाहीत. बाकीचं आतडं आणि यकृतातलं एक विकर वाटेतच मोडून टाकतं. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं, केटोकोनॅझोल, इट्राकोनॅझोल ही बुरशीवरची औषधं आणि एचआयव्हीच्या उपचारातलं रिटोनाविर हे त्याच विकराला अडवतात. मग त्याच एका गोळीतून कित्येक पट औषध रक्तात येतं. रुग्णाने मात्रा वाढवलेली नसते, नेहमीचीच गोळी असते. रिटोनाविरबरोबर एक-दोन गोळ्यांतच हातपाय काळे पडल्याची आणि अवयव कापावे लागल्याची उदाहरणं जगभर नोंदली गेली आहेत. एआरटी केंद्रातून दुसऱ्या फळीची औषधं घेणाऱ्यांत रिटोनाविर असतं. आपला आजार लपवून कोपऱ्यावरच्या दुकानातून डोकेदुखीची गोळी घेणाऱ्या या रुग्णाची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. त्याला निदान एवढं माहीत हवं की आजाराचं नाव न सांगताही ‘मी रिटोनाविर घेतो’ एवढं डॉक्टरला सांगता येतं.

बाईच्या गोळ्या बंद केल्या, मिश्रीही बंद केली, धमनी सैल करणारं औषध शिरेतून दिलं, रक्त पातळ ठेवलं. तिसऱ्या दिवशी पावलावरची नाडी परत आली. पाय वाचला. एका बोटाचं टोक मात्र काळं पडलं होतं, ते पुढे आपोआप सुटून गेलं.

तिच्या डोकेदुखीचं काय? ती आठवड्याला पाच दिवस का होत होती, त्याचं कारण बऱ्याच अंशी गोळीच होती. महिन्यातून दहा किंवा त्याहून जास्त दिवस अर्गोटामिन, ट्रिप्टान किंवा मिश्र वेदनाशामकं तीन महिन्यांवर घेतली, तर गोळीमुळेच डोकं दुखू लागतं. साध्या वेदनाशामकाला ही मर्यादा पंधरा दिवसांची. गोळी बंद केल्यावर पहिले काही दिवस वाईट जातात, हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण तिसऱ्याच दिवशी परत दुकानात जातो. सरकारी दवाखान्यात प्रोप्रानोलोल आणि अमिट्रिप्टिलिन ही प्रतिबंधक औषधं मिळतात. झटक्याला नॅप्रोक्सेनसारखं साधं वेदनाशामक, दुखणं सुरू होताच, पुरेशा मात्रेत घेतलं तर बऱ्याच जणांना पुरतं. अर्गोटामिन घ्यायचंच असेल तर एका झटक्यात ६ मिलिग्रॅम आणि आठवड्यात १० मिलिग्रॅम ही पाठ्यपुस्तकातली कमाल मर्यादा आहे. माझ्या मते तीही सैल आहे. आणि अर्गोटामिन घेतल्यापासून चोवीस तासांत ट्रिप्टान घ्यायचं नाही, दोघांचं आवळणं एकावर एक चढतं.

आता नाकाकडे. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन या थेंबांनी नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात, सूज उतरते, दोन मिनिटांत श्वास मोकळा होतो. इतका झटपट गुण फार थोड्या औषधांना येतो आणि तीच मेख आहे. पाच-सात दिवसांपलीकडे वापरले की औषधाचा अंमल उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग पुन्हा थेंब. उशाखाली बाटली असल्याशिवाय झोप न लागणारे, दहा-दहा वर्षं थेंब घालणारे लोक मी पाहिले आहेत. लहान मुलांना मोठ्यांचे थेंब घालू नयेत, कारण हे औषध त्यांच्या मेंदूत पोहोचून गुंगी आणि श्वास मंदावणं असा प्रकार होतो.

पोटात घ्यायच्या सर्दीच्या गोळ्यांत फेनिलेफ्रिन असतं. तोंडाने घेतल्यावर ते चोंदलेल्या नाकाला उपयोगी पडत नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये एकमताने सांगितलं. आपल्याकडे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये औषध महानियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिन हे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये अशी सूचना वेष्टनावर छापायला सांगितली. छापली जाते, बारीक अक्षरात. दुसरं औषध स्यूडोएफेड्रिन. ते काम करतं, पण सगळ्या शरीरात. युरोपच्या औषध संस्थेने त्याचा आढावा घेऊन तीव्र किंवा अनियंत्रित रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा गंभीर विकार असलेल्यांनी ते घेऊ नये, असं जाहीर केलं आहे. याच कुळातलं फेनिलप्रोपॅनोलामिन तर मेंदूतल्या रक्तस्रावाशी संबंध आढळल्यामुळे अमेरिकेत २००० सालीच बाजारातून काढून घ्यायला लावलं.

मेंदूच्या धमन्या स्वतःचा कारभार बघतात असं वर म्हटलं, त्याला अपवाद आहे तो इथे. कधी कधी हा कारभार अचानक बिघडतो आणि मेंदूच्या धमन्या माळेतल्या मण्यांसारख्या जागोजागी आवळल्या जातात. सर्दीची औषधं, ट्रिप्टान, नैराश्यावरची काही औषधं, गांजा ही त्यामागची माहीत असलेली कारणं. बाळंतपणानंतरच्या दिवसांतही हे घडतं. या काळात रक्तस्राव थांबवण्यासाठी पूर्वी सर्रास दिलं जाणारं मेथिलअर्गोमेट्रिन अरगटाच्याच घराण्यातलं. म्हणून रक्तदाब वाढलेल्या बाळंतिणीला ते देत नाहीत. आता पहिली पसंती ऑक्सिटोसिनला असते. या आजाराची डोकेदुखी वीज कोसळावी तशी येते. एका मिनिटाच्या आत कळस गाठते आणि पुढच्या काही दिवसांत पुन्हा पुन्हा येते. बहुतेकांच्या धमन्या तीनेक महिन्यांत पूर्ववत होतात, काहींना मधल्या काळात पक्षाघात किंवा रक्तस्राव होतो. अशा डोकेदुखीला अर्धशिशी समजून अर्धशिशीचीच गोळी देणं म्हणजे आवळलेल्या धमनीला आणखी आवळणं.

चहाचं राहिलं. कॅफिन मेंदूच्या धमन्या आवळतं. अडीचशे मिलिग्रॅम कॅफिनने मेंदूतला रक्तप्रवाह सुमारे पाव भागाने कमी होतो आणि तरीही आपल्याला काही होत नाही, उलट तरतरी येते. रोज घेणाऱ्याच्या धमन्या त्या आवळण्याला सरावतात. एक दिवस चहा चुकला की त्या सैलावतात आणि डोकं धरतं. हरतालिकेच्या निर्जळी उपवासात दुपारनंतर जे डोकं चढतं, त्याला लोक ‘पित्त’ म्हणतात. पित्ताचा वाटा असेलही, पण सकाळी न झालेल्या दोन कपांचा मोठा असतो. उपवासाच्या आधीच्या आठवड्यात एकेक कप कमी करून बघा.

ज्यांच्या घरात अर्गोटामिनची स्ट्रिप आहे त्यांनी आज रात्री एक करावं. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या मधल्या रेषेत थोडं मागे दोन बोटं हलकेच टेकवावीत. तिथे नाडी लागते. काही निरोगी माणसांना ती जन्मतः लागत नाही, म्हणून न लागल्यास लगेच घाबरू नये, घोट्याच्या आतल्या हाडामागे दुसरी शोधावी. पण गोळी घेतल्यापासून पाय गार पडू लागले असतील, चालताना पोटऱ्या भरून येत असतील, बोटांना मुंग्या येत असतील किंवा रंग बदलला असेल, तर गोळी त्याच क्षणी बंद करून रुग्णालय गाठावं. पाय शेकू नये. बधिर पावलाला चटका कळत नाही. आणि जाताना सगळ्या औषधांच्या रिकाम्या स्ट्रिपसुद्धा पिशवीत घालून न्याव्यात, खोकल्याच्या आणि घशाच्याही.